कल्चरमध्ये काही उगवत नाही, तरी कळ थांबत नाही

प्रश्न : माझं वय ४२. सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसते. अडीच वर्षं झाली, दर अर्ध्या-पाऊण तासाला लघवीला लागतं. रात्रीतून पाच-सहा वेळा उठते. लघवी साठली की ओटीपोटात कळ येते, होऊन गेली की जरा बरं वाटतं, मग परत तेच. आधी उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, सगळं करून झालं. मग अँटिबायोटिकचे नऊ कोर्स झाले. रिपोर्टमध्ये पस सेल्स ८-१० येतात, पण तीनदा कल्चर केलं, तिन्ही वेळा काही उगवलं नाही. त्यातली दोन कल्चर अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असतानाच केली होती. सोनोग्राफी नॉर्मल आहे. एके ठिकाणी गर्भाशय काढून टाका म्हणाले, दुसरीकडे टेन्शन घेऊ नका म्हणाले. नणंदेनं 'इंटरस्टिशियल सिस्टायटिस' असं नाव सांगितलं. हे तेच आहे का? कसं ओळखायचं? औषध आहे का? शेंगा चटणी, भाकरी सोडायची का? डिसेंबरात पुण्याला भाचीचं लग्न आहे, एवढा प्रवास जमेल का?
— नाव छापू नये, सोलापूर

उत्तर : ताई, दहावा कोर्स सुरू करू नका. पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे : तीनपैकी दोन कल्चर गोळ्या चालू असताना केली. ती दोन मोजायचीच नाहीत. कल्चर म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी. अँटिबायोटिक पोटात असताना जंतू सहसा उगवत नाहीत, आणि 'नो ग्रोथ' वाचून सगळ्यांची दिशाभूल होते.

नणंदेनं सांगितलेलं नाव बरोबर असू शकतं. तो लघवीच्या पिशवीचा जुनाट, दुखणारा आजार आहे. लघवी साठताना दुखणं वाढतं, झाल्यावर थोडा वेळ उतरतं, रात्रीही सोडत नाही, ही त्या आजाराची खूणच आहे. पण इंटरस्टिशियल सिस्टायटिस हे निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं. अशा तक्रारी सहा आठवड्यांहून जास्त टिकल्या आणि दुसरं कोणतंही कारण सापडलं नाही, तरच ते नाव लावतात. तुमच्या बाबतीत दुसरी कारणं शोधलीच गेलेली नाहीत, आणि त्यातली दोन चुकवून चालणार नाहीत : क्षय आणि कर्करोग.

आधी क्षय. लघवीत पस सेल्स आहेत आणि जंतू उगवत नाहीत, असं दिसलं की आपल्या देशात पहिली शंका मूत्रमार्गाच्या टीबीची घ्यायची. साधं कल्चर एक-दोन दिवस ठेवून वाचतात. टीबीच्या जंतूला उगवायला आठवडे लागतात, त्यामुळे तो तिथे दिसणारच नाही. खोकला नाही, ताप नाही, म्हणजे टीबी नाही असं समजू नका. मूत्रपिंडातला टीबी वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि पहिली तक्रार लघवीच्या पिशवीची असते. सुरुवातीला सोनोग्राफीही नॉर्मल येऊ शकते. आणखी एक घोळ असा की सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या लघवीच्या नेहमीच्या गोळ्या टीबीच्या जंतूलाही थोड्या दाबतात. दहा दिवस बरं वाटतं, जंतू तपासणीतून निसटतो आणि महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. नऊ कोर्सच्या चिठ्ठ्या काढून बघा. ही नावं त्यात बहुधा असतील.

तपासणी अशी करा. आधी डॉक्टरांना विचारून किमान एक-दोन आठवडे सगळी अँटिबायोटिक बंद. मग ओळीनं तीन दिवस, सकाळी उठल्यावरची पहिली लघवी, थोडीशी नाही तर सगळी, स्वच्छ बाटलीत धरायची आणि रोजच्या रोज लॅबला पोचवायची. तीन दिवसांची एकत्र साठवून नेऊ नका. त्यावर टीबीचं कल्चर आणि सीबीनॅट, दोन्ही लिहून घ्या. सरकारी क्षयरोग केंद्रात थुंकीसाठी वापरतात तेच सीबीनॅट मशीन लघवीवरही चालतं. त्यात जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला तो दाद देतो का, हे दोन तासांत कळतं. मात्र सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून कल्चर सोडू नका. लघवीत जंतू थोडे आणि अधूनमधूनच उतरतात.

साधं कल्चरही एकदा नीट करून घ्या. जागा नुसत्या पाण्यानं धुवायची, पहिली धार सोडायची, मधली धरायची, आणि तासाभरात लॅबमध्ये. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पर्समध्ये दोन तास फिरलेल्या बाटलीत काय वाटेल ते उगवतं, आणि त्यावरून आणखी एक कोर्स गळ्यात पडतो.

कर्करोगाचं थोडक्यात. पिशवीच्या आतल्या अस्तरात पसरणारा एक सपाट कर्करोग गाठ न करता अशीच जळजळ देतो आणि सोनोग्राफीत दिसत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि जुन्या प्रकारच्या बेंझिडिन रंगांत काम केलेल्यांत त्याचा धोका जास्त. तुम्ही शिवणावर आहात, पण आधी कधी चादरी-टॉवेलच्या रंगखात्यात काम केलं असेल, तंबाखू-मिश्रीची सवय असेल, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. यासाठी लघवीची सायटॉलॉजी, म्हणजे त्यातल्या पेशींची तपासणी, करतात, आणि तिथे नेमकं उलटं आहे : सकाळची पहिली लघवी चालत नाही, रात्रभर साठून पेशी खराब होतात. दुसऱ्या वेळची द्यायची. लॅबवाल्यांनी एकाच बाटलीत दोन्ही उरकायचं ठरवलं तर नाही म्हणा.

या दरम्यान घरी करायचं एक काम आहे, आणि ते फुकट आहे. ५०० मिलीचं खुणा असलेलं प्लास्टिकचं माप घ्या. तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, प्रत्येक वेळी लघवी मापून वहीत लिहा : वेळ, किती मिली, त्या आधी दुखणं दहापैकी किती, आणि काय खाल्लं-प्यायलं. निरोगी माणूस दिवसातून सात-आठ वेळा जातो आणि पिशवीत ४००-५०० मिली मावते. तुमच्या वहीत दिवसा-रात्री सारखेच ६०, ८०, १०० मिली असे आकडे आले, तर पिशवीच दुखतेय किंवा आक्रसली आहे. प्रत्येक वेळी ३०० मिली येत असेल तर आधी साखर तपासा. दिवसा ८० आणि गाढ झोपेनंतर पहाटे ३५० येत असेल, तर पिशवीची जागा शाबूत आहे, वेगळा विचार करायचा. ही वही डॉक्टरांसमोर ठेवलीत की 'टेन्शन घेऊ नका' म्हणणं अवघड जातं. सोनोग्राफी परत करायची झाली तर 'लघवी केल्यानंतर किती उरते' हा आकडा मागून घ्या. बऱ्याच रिपोर्टमध्ये तो नसतोच, आणि १००-१५० मिलीच्या वर उरत असेल तर दुखण्याचं मूळ दुसरीकडे आहे.

गर्भाशयाबद्दल स्पष्टच लिहितो. पिशवीच्या दुखण्यासाठी गर्भाशय काढून उपयोग नाही. ऑपरेशन होतं आणि कळ जागच्या जागी राहते. पाळीच्या दिवसांत दुखणं फार वाढत असेल, संबंधाच्या वेळी खोलवर दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिससाठी, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतंय का यासाठी, स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. तोही आजार याच्या जोडीनं असू शकतो. पण तपासणी वेगळी आणि थेट ऑपरेशनची तारीख घेणं वेगळं.

आता दुर्बीण. टीबी निघाला नाही आणि तक्रार कायम राहिली, तर युरॉलॉजिस्टकडून सिस्टोस्कोपी करून घ्या, आणि ती भूल देऊनच. १९१५ मध्ये बाल्टिमोरच्या गाय हनर या डॉक्टरांनी या आजारात पिशवीच्या आत दिसणारे चट्टे पहिल्यांदा नीट वर्णन केले. आजही ते 'हनर लेजन' म्हणूनच ओळखले जातात. लालसर डाग, मध्ये फिकट वण, आणि चारही बाजूंनी त्याच्याकडे धावणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या. पिशवी पाण्यानं भरली की हा डाग उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखा भेगाळतो आणि पाणी सोडताना त्यातून रक्त ओघळतं. भूल नसेल तर रुग्णाला एवढं पाणी सहन होत नाही, पिशवी पुरती भरत नाही आणि चट्टा निसटतो.

हे चट्टे थोड्याच रुग्णांत असतात, पण असले तर उपचाराचं सगळं गणित बदलतं. म्हणून दुर्बिणीच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून ठेवा. एक, चट्टा दिसला तर त्याच भुलीत तो जाळणार का, किंवा त्यात ट्रायॲमसिनोलोन हे स्टेरॉइड टोचणार का? तयारी नसेल तर पुन्हा भूल घ्यावी लागते. दोन, पाणी किती दाबानं आणि किती वेळ भरणार? कमी दाब, म्हणजे ६० ते ८० सेंटिमीटर पाण्याइतका, आणि दहा मिनिटांच्या आत, एवढंच करायचं. जास्त दाबानं किंवा तासन्‌तास फुगवणं घातक आहे, पिशवी फाटू शकते. तीन, बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी अस्तराचा तुकडा, घेणार का? घ्यायची असेल तर फुगवून झाल्यावर. आधी तुकडा काढून मग पाणी भरलं तर तिथूनच फाटण्याची भीती. बायोप्सीत कर्करोग आणि टीबीच्या गाठी आहेत का ते तर दिसतंच, शिवाय इओसिनोफिल पेशींनी पिशवी सुजण्याचा एक फारच विरळा प्रकार आहे, तोही तिथेच कळतो. त्याची औषधं पूर्ण वेगळी.

रिपोर्टमध्ये 'ग्लोमेरुलेशन्स' असा शब्द आला, म्हणजे पाणी सोडल्यावर बारीक रक्ताचे ठिपके दिसले, तर लगेच आजार पक्का झाला असं मानू नका. काहीही तक्रार नसलेल्या माणसांच्या पिशवीतही असे ठिपके दिसतात.

चट्टा असेल तर तो जाळल्यावर बहुतेकांना काही दिवसांत स्पष्ट आराम पडतो. या आजारात इतका झटपट फरक दुसऱ्या कशानं सहसा पडत नाही. मात्र चट्टे परत येतात, कुणाला काही महिन्यांत, कुणाला वर्षा-दोन वर्षांत, आणि मग परत जाळावं लागतं. दरवेळी थोडा वण राहतो, म्हणून उगाच घाई करून जाळायचं नाही. याला न जुमानणाऱ्या चट्ट्यांसाठी सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, पण त्यात रक्तदाब आणि क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामावर, सतत लक्ष लागतं.

चट्टे नसतील तर उपचार हळू चालतो आणि एका औषधावर भागत नाही. बहुधा अमिट्रिप्टिलिनपासून सुरुवात होते : १० मिलिग्रॅम रात्री, दर एक-दोन आठवड्यांनी सोसेल तसं वाढवत २५, गरज पडली तर ५०. मेडिकलवाला 'ही डिप्रेशनची गोळी आहे' म्हणेल. घाबरू नका, इतक्या कमी डोसमध्ये ती नसांच्या दुखण्यासाठी देतात. झोपताना घेण्याऐवजी रात्री आठ-साडेआठला घ्या, नाहीतर सकाळी गुंगी राहते आणि तुमचं काम सुईखाली बोटं घालून चालतं. तोंड कोरडं पडेल, म्हणून रात्री पाणी ढोसत बसलात तर गोळीचा फायदा पाण्यातच जाईल. लवंग किंवा बडीशेप चघळा. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर आधी सांगा. एकदम बंद करू नका. ॲलर्जीची प्रवृत्ती असेल तर हायड्रॉक्सिझिन रात्री देतात. गुंगी त्यानंही येते.

पेंटोसान पॉलिसल्फेट या कॅप्सूलचा बराच बोलबाला आहे. १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी. गुण यायला तीन ते सहा महिने, आणि सगळ्यांना येतोच असं नाही. वर्षानुवर्षं घेतल्यास डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते. त्यामुळे सुरू करण्याआधी पडदा तपासून घ्या आणि पुढेही ठराविक काळानं तपासत राहा.

पिशवीत औषध सोडणं हा त्याहून लवकर आराम देणारा मार्ग. बारीक नळी घालून पिशवी रिकामी करतात, औषध सोडतात, नळी काढतात आणि ते पंधरा-वीस मिनिटं ते अर्धा तास आत धरायचं. आठवड्यातून एकदा, साधारण सहा आठवडे, मग अंतर वाढवत न्यायचं. एक नेहमीचं मिश्रण म्हणजे हेपारिन ४०,००० युनिट, २ टक्के लिडोकेन ८ मिली आणि ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेट ३ मिली. बायकार्बोनेट कशाला? लघवी आम्ल असली की लिडोकेन अस्तरातून आत शिरत नाही, नुसतं तरंगून बाहेर पडतं. डायमिथिल सल्फॉक्साइड हे दुसरं औषध, ५० टक्के द्रावण ५० मिली. त्यानंतर दिवसभर अंगाला लसणासारखा वास येतो आणि पहिल्या एक-दोन वेळा दुखणं उलट भडकतं. तेवढ्यावरून सोडून देऊ नका. दरवेळी नळी घालण्याआधी लघवीत खरा जंतुसंसर्ग नाही ना, हे बघायलाच हवं.

ओटीपोटाच्या खालचे स्नायू हा बहुतेक ठिकाणी राहून जाणारा भाग. वर्षानुवर्षं कळ दाबून धरल्यानं ते आखडतात आणि स्वतःच दुखायला लागतात. हे स्नायू सैल करायला शिकवणारी फिजिओथेरपी असते. कुणी केगल व्यायाम सांगितला तर करू नका. तो स्नायू आवळायचा व्यायाम आहे, आखडलेल्या स्नायूंना त्यानं आणखी त्रास होतो. मशीनवर तासाला एकदा उठून चार पावलं चाला, नाडी सैल बांधा, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कळ भडकली की गरम पाण्याची पिशवी पंधरा मिनिटं; काहींना गारच बरं वाटतं. लघवी थांबवायची सवय मात्र दुखणं आटोक्यात आल्यावरच लावायची : आहे त्या अंतरात पंधरा मिनिटं वाढवा, आठवडाभर तिथेच राहा, मग पुढची पंधरा.

बोटॉक्स, नसांना विजेचे सौम्य झटके देणारं यंत्र, आणि अगदी शेवटी पिशवीचं मोठं ऑपरेशन हे सगळं आहे, पण त्याचा विचार आत्ता नको. महिनोन्‌महिने अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या कुणी सुरू करत असेल तर मात्र थांबा आणि दुसरं मत घ्या.

टीबी निघालाच तर एका अर्थी सोपं आहे : सहा महिन्यांची औषधं सरकारकडून मोफत, आणि पोषणासाठी महिना १,००० रुपये खात्यात येतात. लघवी केशरी होईल, ते रिफाम्पिसिनमुळे. दोन महिन्यांनी बरं वाटलं तरी सोनोग्राफी परत करा, कारण जखम भरताना मूत्रवाहिनी आक्रसून मूत्रपिंडाला फुगवटा येऊ शकतो, आणि तो दुखेलच असं नाही.

चटणी-भाकरीचं. भाकरी बिनधास्त खा, ज्वारीनं काही होत नाही. शेंगा चटणीत दोष असलाच तर शेंगदाण्याचा नाही, लाल तिखटाचा. पण सगळ्यांना सगळं बाधत नाही, म्हणून आयुष्यभराची यादी करू नका. तीन आठवडे तिखट, चिंच, लिंबू, टोमॅटो, चहा-कॉफी आणि बाटलीतली थंड पेयं पूर्ण बंद करा. वही चालू ठेवा. मग एकेक पदार्थ तीन-तीन दिवस परत घ्या. ज्यानं कळ वाढेल तोच सोडा. चहा अनेकींना बाधतो आणि तोच सुटत नाही. निदान कारखान्यातला चौथा-पाचवा कप बंद करा. लघवी होईल म्हणून पाणी तोडणं ही मोठी चूक, घट्ट लघवी जास्त झोंबते. दिवसाला दोन ते अडीच लिटर, घोट घोट, संध्याकाळी सातनंतर कमी. लघवीच्या जळजळीवर मेडिकलमध्ये मिळणारं गोड सिरप आग कमी करतं, रोग बरा करत नाही. रक्तदाब किंवा साखर असेल तर विचारूनच घ्या, त्यात सोडियम असतं आणि बऱ्याचदा साखरही.

लघवीतून रक्ताच्या गुठळ्या, थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं किंवा लघवी पूर्ण अडकणं, यातलं काही झालं तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लग्नाला जा. एसटीपेक्षा रेल्वे बरी, डब्यात संडास असतो. जागा दाराजवळची आणि कडेची घ्या. निघायच्या सकाळी चहा नको, पाणी घोट घोट चालू. नवी गोळी लग्नाच्या आठवड्यात सुरू करू नका. पिशवीत औषध सोडण्याचा कोर्स चालू असेल तर ती तारीख लग्नाच्या दोन-तीन दिवस आधीची मागून घ्या. पंगतीत रस्सा आणि लोणचं टाळा, मसालेभात थोडा चाखून बघा, आणि हॉलवर पोचल्याबरोबर बाथरूम कुठे आहे ते बघून त्या बाजूची खुर्ची धरा.